एक ते चारचे फोन

आमच्या दुकानात फोनची नवी व्यवस्था घ्यायचं ठरलं तेव्हा मी एका फुलस्केप कागदावर मधोमध रेघ मारून डावीकडे फायदे आणि उजवीकडे तोटे लिहिले होते. तो कागद अजून माझ्याजवळ आहे. उजवीकडची तिसरी ओळ मी खोडली आहे आणि तीच ओळ जरा शब्द बदलून डावीकडे सगळ्यात शेवटी लिहिली आहे. बघणाऱ्याला वाटेल, लिहिताना चुकलं असेल. चुकलं नव्हतं. त्या एका ओळीपायी माझा भागीदार आपलं हातातलं काम सोडून जायला निघाला होता, आणि तो का निघाला आहे हे फक्त मला माहीत होतं.

दुकान नाना पेठेत. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं. आम्ही दोघं शाळेत एका बाकावर बसायचो. त्याचे वडील मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळायचं काम, करत, त्यांच्याकडून तो शिकला. मी कॉमर्स केलं, एका कचेरीत काही वर्षं कंटाळलो आणि मग त्याच्याबरोबर दुकान काढलं. तांब्याची तार, बेअरिंग, हातोडी हे त्याचं. काउंटर, पावत्या आणि गिऱ्हाइकांशी बोलणं हे माझं. निदान ठरलं तरी तसं होतं. बसवायला-काढायला एक फिटर होता, त्यामुळे हा दुकानातलं आपलं टेबल सोडून क्वचितच हलायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. पुढे पुढे मीही म्हणायला लागलो.

दुपारची आमची एक पद्धत होती. पेठेतली बाकीची दुकानं एक वाजता बंद होत आणि चारला उघडत. आमचं दुकान बंद व्हायचं नाही. एक वाजता मी घरी जाऊन जेवायचो, थोडा पडायचो आणि चारला परत यायचो. तो डबा आणायचा आणि थांबायचा. शुक्रवारी उलटं. तो नमाजाला जायचा, अडीचच्या सुमारास यायचा, तोवर मी थांबायचो. हे आम्ही कधी बसून ठरवलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात तसं झालं आणि मग वीस वर्षं तसंच चाललं.

या पद्धतीचा परिणाम माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. दुपारी अख्ख्या शहरात कोणी फोन उचलत नसताना आमच्या दुकानात मिस्त्री फोन उचलायचा. आणि उचलून तो जे करायचा ते दुसरं कोणी करत नव्हतं. तो म्हणायचा, "फोन जरा मोटारीजवळ धरा." पलीकडचा माणूस जिना उतरून टाकीपाशी जायचा, मोटार सुरू करायचा, आणि हा इकडे डोळे मिटून ऐकायचा. मग सांगायचा, "बेअरिंग गेलंय, उद्यापर्यंत चालवू नका." किंवा, "काही झालेलं नाही. हवा धरलीय. वरचं बूच काढा, तांब्याभर पाणी ओता, परत लावा." तांब्याभर पाण्याने मोटार सुरू झाली की तो माणूस जन्माचा आमचा. आमचा म्हणजे मिस्त्रीचा.

माझ्या वाट्याला यायचा शुक्रवार. पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, की गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी ते उशिरा आणि कमी दाबाने येतं. नळाला हवा, मोटारीत हवा. सगळ्या सोसायट्यांच्या मोटारी शुक्रवारी दुपारीच घशातून आवाज काढायला लागत आणि त्याच वेळी दुकानात फक्त मी.

"मिस्त्री आहेत का?"

"नाहीत. मी बोलतोय, सांगा ना."

"नको नको, तुम्हाला कशाला त्रास. कधी येतील?"

"अडीचला."

"मग अडीचला करतो."

सहकारनगरात एक बाई राहत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, सोसायटीच्या चिटणीस. एका शुक्रवारी मी त्यांना म्हणालो, "बाई, फोन मोटारीजवळ धरा, मी ऐकतो." त्यांनी धरला. मी डोळेही मिटले. मला एक मोटार ऐकू आली. त्यापलीकडे काही नाही. मी अंदाजाने म्हणालो, "बेअरिंग असावं."

त्या म्हणाल्या, "असावं की आहे? नाही, वर्गात असं उत्तर आलं तर मी अर्धे गुण द्यायचे." आणि अडीचला त्यांनी परत फोन केला. मिस्त्रीने ऐकून सांगितलं, हवा आहे. हवाच होती.

मिस्त्री हसला, म्हणाला, "शेठ, तू पावत्या फाड." तो मला चिडवायचं असलं की शेठ म्हणायचा. त्यात काही विष नव्हतं. पण माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते त्या दिवसापासून नीट दुखायला लागलं. मी दुकानाची भाषा, पाटी, पावतीवरचा मजकूर, लोकांशी गोड बोलणं हे सगळं सांभाळत होतो, आणि लोकांच्या लेखी मी मिस्त्री येईपर्यंत फोन धरून बसणारा माणूस होतो.

त्याच सुमारास फोनच्या एका छोट्या कंपनीचा प्रतिनिधी आला. खास लहान धंद्यांसाठी स्वस्त व्यवस्था, म्हणाला. नंबर एकच राहील. फोन आला की आधी रेकॉर्ड केलेला आवाज बोलेल, दुरुस्तीसाठी एक दाबा, नव्या मोटारीसाठी दोन दाबा. सुटलेल्या प्रत्येक फोनची यादी संगणकावर दिसेल. दुकान बंद असण्याच्या वेळा घातल्या की त्या वेळात फोन वाजणारच नाही, आवाज तसं सांगून फोन ठेवून देईल. मिस्त्री त्या वेळी कॉइल गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "तुला जे समजतं ते तू बघ. मला वाजला की उचलायचा एवढं माहीत आहे."

म्हणून तो कागद. मी प्रामाणिकपणे सुरुवात केली होती. फायदे: सुटलेले फोन कळतील. एका वेळी दोघं बोलू शकतील. दुकान मोठं वाटेल. स्वस्त. तोटे: म्हाताऱ्या माणसांना बटणं दाबायचं सुचणार नाही, ते नुसते हॅलो हॅलो करत राहतील. इंटरनेट गेलं की फोन गेला. आणि तिसरा तोटा: स्वस्त योजनेत बंदच्या वेळा सगळ्या दिवसांना एकच ठेवाव्या लागतात, शुक्रवार वेगळा ठेवता येत नाही. शुक्रवारी मला ते फोन नकोत म्हणून पेठेच्या रिवाजाप्रमाणे एक ते चार बंद ठेवलं तर रोजच दुपारचे मिस्त्रीचे फोन बंद होतील.

हे लिहून झाल्यावर मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. बंदच्या वेळा अजिबात न घालणं हा साधा उपाय होता. तो मला सुचला नाही असं मी म्हणू शकत नाही. मी ती ओळ खोडली आणि डावीकडे लिहिलं: दुपारी मिस्त्रींना विश्रांती मिळेल.

आवाजही मीच रेकॉर्ड केला. घरी, आतल्या खोलीचं दार लावून, सहा-सात वेळा. "नमस्कार. आमचे दुकान दुपारी एक ते चार बंद असते. कृपया चारनंतर संपर्क साधावा." मिस्त्रीला मी एवढंच सांगितलं की, फोन बसला आहे, वाजेल तेव्हा उचल.

पहिले काही दिवस मी फार खूश होतो हे लपवण्यात अर्थ नाही. चारला दुकानात आलो की संगणकावर यादी तयार असायची. दुपारी कोणी कोणी फोन केला, किती वाजता, किती वेळा. मी एकेकाला फोन लावायचो. "बोला, दुकानातून बोलतोय. आपला फोन येऊन गेला होता." लोकांना बरं वाटायचं. अहो, तुम्ही परत फोन केलात, असं आजकाल कोण करतं, असं म्हणायचे. मी त्रास विचारून घ्यायचो, चिठ्ठीवर लिहायचो आणि चिठ्ठी मिस्त्रीच्या टेबलावर ठेवायचो. बाकी वेळी फोन वाजला तर तोही मीच आधी उचलायचो. फोन मोटारीजवळ धरा असं कोणाला म्हणायचो नाही. फिटरला पाठवून मोटार सरळ दुकानात आणवायचो. कित्येक मोटारींना नुसतं तांब्याभर पाणी हवं होतं. काम कमी झालं नाही. उलट वाढलं. गिऱ्हाइकं आता मला नावानिशी विचारायला लागली. शुक्रवारी दुपारी दुकानात शांतता असायची आणि मी पेपर वाचायचो.

मिस्त्री मात्र दुपारभर त्या गप्प फोनशेजारी बसायचा. एक महिना तो काही बोलला नाही. मग एकदा म्हणाला, "हल्ली दुपारी फोन येत नाहीत रे."

"नवीन व्यवस्था आहे. बसेल हळूहळू."

"चारनंतर तर येतात."

"लोक दुपारी झोपत असतील."

"वीस वर्षं नव्हते झोपत," तो म्हणाला आणि परत कामाला लागला.

त्या बाई एकदा संध्याकाळी स्वतः दुकानात आल्या. मिस्त्री मागच्या गल्लीत तार आणायला गेला होता. काउंटरवर पिशवी ठेवून त्या म्हणाल्या, "दुपारी दोन वाजता इथून रिक्षातून गेले. दुकान उघडं, मिस्त्री आत बसलेले. फोन लावला तर म्हणे दुकान बंद. आमचे डोळे खोटे की तुमचा फोन?"

"काय करणार बाई, स्वस्तातलं यंत्र आहे. चुकतं कधीकधी."

"असं का?" त्या म्हणाल्या. "नवल आहे. यंत्र अगदी तुमच्या आवाजात बोलतं."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मिस्त्री यायच्या आत त्या गेल्या म्हणून मला हायसं वाटलं. त्या संध्याकाळी मी ती वेळ काढून टाकू शकलो असतो. दोन मिनिटांचं काम. मी यादी उघडली, सहा नावं होती, आणि मी त्या सहांना फोन करत बसलो.

तिसऱ्या महिन्यात मिस्त्रीने दोन मोटारींचं झालेलं वाइंडिंग उलगडून पुन्हा नव्याने केलं. दोन्हीत काही चूक नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, "मला आवाज बरोबर वाटला नाही. म्हणजे, आता मला वाटतं ते बरोबर असतं की नाही हेच कळत नाही." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "मागे कोंढव्याच्या एकांना फोनवर बेअरिंग सांगितलं होतं, शाफ्ट निघाला. माणूस तोंडावर बोलत नाही, पण दहा जणांना सांगतो. लोकांना कळलंय की माझा कान गेला."

"असं काही नाही," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

"तू चल माझ्याबरोबर. मला कान तपासून घ्यायचे आहेत. घरी सांगितलं तर उगाच रडारड."

आणि मी गेलो. माझ्या हातून घडलेल्यात मला सगळ्यात जास्त लाज याची वाटते. फोनची वेळ मी हेव्याने बदलली. पण सातारा रस्त्यावरच्या त्या दवाखान्यात त्याच्याबरोबर, त्याची फाइल धरून, चांगला मित्र म्हणून मी बसलो होतो. काचेच्या खोलीत त्याला बसवलं होतं, कानांवर मोठे हेडफोन. आवाज आला की बोट वर करायचं. मी बाहेरून बघत होतो. तो डोळे मिटून बसला होता, मोटार ऐकताना बसायचा तसाच. बोट वर होत होतं. तपासणाऱ्या बाईंनी आवाज कमी केला, आणखी कमी केला. बोट वर होतच राहिलं.

"मोटारींच्या आवाजात काम करून या वयाला असे कान मी पाहिले नाहीत," त्या म्हणाल्या आणि कागद माझ्याच हातात दिला. मी तो वाचला. दोन्ही कान उत्तम.

मला वाटलं, तो सुटला. त्याचा चेहरा आधीपेक्षा जास्त उतरला होता. मी त्याला कोपऱ्यावर चहा पाजला. मग माझ्या स्कूटरवर मागे बसून येताना स्वारगेटच्या सिग्नलला तो माझ्या खांद्यावरून बोलला.

"कान चांगले आहेत म्हणजे लोकांना मीच नको झालोय."

मी समोरच्या बसकडे बघत राहिलो.

"लोणी काळभोरला भावाचं हार्डवेअरचं दुकान आहे. कधीपासून बोलावतोय. दिवाळीनंतर जाईन म्हणतो. खिळे वजन करून द्यायचे. त्याला कान लागत नाहीत." सिग्नल सुटला. "तू एखादा चांगला पोरगा बघ वाइंडिंगला. मी शिकवून जाईन."

दुसऱ्या दिवशी मी एक वाजता घरी गेलो नाही. मिस्त्री कॉइल गुंडाळत होता. एका हाताने गुंडाळायच्या यंत्राची मूठ फिरवायची, दुसऱ्या हाताने तार ताणून धरायची आणि तोंडाने फेरे मोजायचे. मध्ये कोणी बोललं तर मोजणी चुकते आणि सगळी तार उलगडावी लागते, म्हणून तो मोजत असताना दुकानात कोणी बोलायचं नाही हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. मी तीच वेळ निवडली. तो मध्ये बोलू शकणार नाही, माझ्याकडे बघू शकणार नाही, हे मला माहीत होतं. कबुली देतानाही मी माझी सोय बघितली.

मी बोलत गेलो. स्वस्त योजना, सगळ्या दिवसांना एकच वेळ, शुक्रवारची अडचण, माझा विचार की तुला जरा आराम. दुपारी फोन येतात, रोज येतात, वाजत नाहीत एवढंच. तो मोजत राहिला. एकशे बारा, एकशे तेरा. मूठ त्याच गतीने फिरत होती. एकशे चाळीसला त्याने तार तोडली, दोऱ्याने कॉइल बांधली, कडेला ठेवली आणि हात पुसले.

"आता परत सांग," तो म्हणाला. "मोजत होतो, नीट ऐकू आलं नाही."

त्याच्या कानांचा दाखला मी आदल्याच दिवशी वाचला होता. त्याने पहिल्यांदाच सगळं ऐकलं होतं, हे त्यालाही माहीत होतं, मलाही. मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना योजना आणि वेळापत्रक तोंडातून निघालं नाही. म्हणालो, "लोक तुला विचारायचे ते मला सहन होत नव्हतं. म्हणून मी तुझे फोन बंद केले."

त्याने खिशातून मोबाइल काढला, आमच्याच दुकानाचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला. टेबलावरचा फोन गप्प होता, आणि माझा आवाज दुकानभर बोलत होता. आमचे दुकान दुपारी एक ते चार बंद असते. त्याने पूर्ण ऐकलं. परत लावला. परत ऐकलं.

"आवाज चांगला आहे तुझा," तो म्हणाला. "रेडिओत जायचं होतंस."

त्याने मोबाइल खिशात ठेवला.

"कान तपासायला बरोबर आलास. चहासुद्धा पाजलास." मग त्याने तारेचं रीळ जवळ ओढलं. "ती दोन वाइंडिंगं मी उलगडली रे. चांगली होती."

मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता ती वेळ काढतो. तो म्हणाला, "काढ. आणि यादी आहे ना तुझ्याकडे? तीन महिन्यांची? सगळ्यांना फोन कर. माझ्यासमोर. सांग, दुपारी मिस्त्री असतो."

ती यादी ठेवणं हा मी पहिला फायदा म्हणून लिहिला होता. त्या दिवशी आणि पुढचे चार दिवस, एक ते चार, मी उपाशी बसून ती वरपासून खाली संपवली. कोणी म्हणालं बरं, कोणी म्हणालं आम्ही दुसरीकडून करून घेतलं. मिस्त्री काम करत ऐकत होता. पहिल्याच दिवशी त्या बाईंचा नंबर आला.

"दुपारी मिस्त्री असतात दुकानात, हे सांगायला फोन केला," मी म्हणालो.

"म्हणजे यंत्र सुधारलं?"

मिस्त्रीची मूठ थांबली होती. "यंत्र बरोबर होतं बाई," मी म्हणालो. "मीच बंद केलं होतं."

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कधी कळतंय याची वाट बघत होते. द्या मिस्त्रींना. मोटार चार दिवस कुरकुरतेय."

मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने तो घेतला, माझ्याकडे न बघता. "हां बाई, मीच. धरा मोटारीजवळ," म्हणाला आणि डोळे मिटले. बाई जिना उतरत असाव्यात. बराच वेळ गेला. मग त्याचा चेहरा जरा सैल झाला. "हवा आहे," तो म्हणाला. "तांब्याभर पाणी."

तो लोणी काळभोरला गेला नाही. जाणार नाही असंही कधी म्हणाला नाही. दिवाळी आली, गेली, तो टेबलाशीच होता. मात्र तेव्हापासून त्याने स्वतःच्या मोबाइलचा नंबर कागदावर लिहून प्रत्येक मोटारीवर चिकटवायला सुरुवात केली, आणि माझ्याबरोबर चहा पिणं बंद केलं. ते परत सुरू व्हायला वर्ष लागलं. शेठ मात्र त्याने मला परत कधी म्हटलं नाही.

ओळखीचे दुकानदार मला अजून विचारतात, ती स्वस्तातली फोनची व्यवस्था कशी आहे, घ्यावी का. मी म्हणतो, चांगली आहे. बंदच्या वेळा मात्र दोघांनी मिळून घाला.

काल शुक्रवार होता. गुरुवारी पाणी बंद होतं. दुपारी एकपासून फोन सुरू झाले.

"मिस्त्री आहेत का?"

"अडीचला येतील," मी म्हणालो. "मोबाइलवर करू नका, नमाजात असतील. नंबर सांगा, आले की लावायला सांगतो."

अकरा नंबर झाले. मी ते स्वच्छ अक्षरात लिहून त्याच्या टेबलावर ठेवले. एकानेही मला मोटारीबद्दल काही विचारलं नव्हतं, आणि अजूनही, एवढं सगळं होऊनही, अकरावा नंबर लिहिताना माझ्या पोटात दुखलंच.